लांब पल्ल्याची घोडेस्वारी: नवख्या स्वारानं घोडा कसा जपावा

बैल थकला की आपल्याला सांगतो. वखराला जुंपलेला बैल उन्ह चढलं की मान टाकतो, पाय ओढतो, आणि फारच झालं तर चालू तासातच, म्हणजे वावरातच, मटकन बसतो. मग तुतारी (टोचायची काठी) टोचा नाहीतर शेपटी पिळा, तो उठत नाही. घोड्याचं तसं नाही. तो कळपानं पळणारा जीव आहे. पुढचा घोडा पळतोय आणि पाठीवरचा माणूस "चल" म्हणतोय, तोवर तो पळत राहतो. आतडी थंडावली, अंगातलं मीठ संपलं, तरी कान टवकारून पळतो. म्हणून त्याला थांबवायचं काम आपलं. या लेखातलं बाकी सगळं या एका कामासाठी आहे.

आपल्याकडे वेगाची ओढ शंकरपटातून, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतून येते. पट काही सेकंदांत संपतो, जोडीचा सारा जोर एका दमात काढायचा असतो. लांब पल्ल्याची स्वारी याच्या उलट आहे. १९५५ साली कॅलिफोर्नियात एका दिवसात शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर पार करायची टेव्हिस स्वारी सुरू झाली आणि पुढं हा खेळ जगभर पसरला. त्यातलं जुनं ब्रीद आहे, पूर्ण करणं म्हणजेच जिंकणं. नुसती रेषा ओलांडली म्हणजे पूर्ण झालं, असंही नाही. नंतर पशुवैद्य घोडा तपासतो, आणि "हा अजूनही पुढं जाण्याजोगा आहे" असं त्यानं म्हटलं तरच स्वारी पूर्ण.

घोडा घेताना

आपल्या विदर्भात बहुतेक घोडे माळेगावच्या किंवा सारंगखेड्याच्या यात्रेतून येतात, नाहीतर लग्नाच्या वरातीतून निवृत्त होऊन. मारवाडी, काठियावाडी आणि आपली दख्खनची भीमथडी या तिन्ही जाती उष्ण, कोरड्या मुलखात तयार झाल्या आहेत, त्यामुळे जातीची फार चिंता करू नका. चिंता वयाची करा. पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय घोड्याला लांब पल्ल्याला लावू नये. यात्रेत सांगितलेलं वय खरं धरू नका, पशुवैद्याकडून दात बघून घ्या.

घरी आणल्यावर पहिले दोन-तीन आठवडे त्याला बाकीच्या जनावरांपासून वेगळा बांधा आणि रक्त तपासून घ्या. सर्रा हा आपल्याकडचा छुपा रोग आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर जनावरांना फोडून काढणाऱ्या मोठ्या डांसांच्या (घोडमाश्यांच्या) चाव्यातून तो पसरतो. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. मधल्या दिवसांत घोडा ठणठणीत दिसतो, आणि त्याच दिवसांत आपण त्याला वीस किलोमीटर नेतो. ग्लँडर्सची तपासणीही टाळू नका, तो रोग माणसालाही होतो आणि कायद्यानं तो कळवावा लागतो. धनुर्वाताची लस तर हवीच. तालुक्याला घोड्याची सवय असलेला डॉक्टर नसेल तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊन या. एक दिवस जाईल, पण ओळख होईल, आणि ती ओळख पुढं रात्री-अपरात्री उपयोगी पडते.

वजनाचा हिशेब याच वेळी करून ठेवा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत येतं. घेर १६८ आणि लांबी १५८ असेल तर घोडा साधारण ३७५ किलोचा. खोगीर धरून त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं पाठीवर नको, म्हणजे या घोड्यावर ७५ किलो. स्वार ८५ किलोचा असेल तर त्यानं दुसरा घोडा बघावा. यात तडजोड नाही.

स्वारी नंतर, आधी वही

पहिले दहा दिवस सकाळी चंदी देण्याआधी, घोडा शांत उभा असताना, चार गोष्टी वहीत लिहा.

नाडी: स्टेथोस्कोप डाव्या कोपराच्या मागं छातीला लावा. पंधरा सेकंद मोजा, चारनं गुणा. निवांत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. स्टेथोस्कोप नसेल तर जबड्याच्या हाडाखाली आतल्या बाजूला पेन्सिलीएवढी शीर लागते, तिथं बोटं ठेवा.

श्वास: कुशीची हालचाल मोजा. मिनिटाला ८ ते १६.

ताप: थर्मामीटर गुदद्वारातून. ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सियस. थर्मामीटरला दोरी बांधा आणि घोड्याच्या बाजूला उभे राहा, मागं नको.

पोट: कुशीला कान लावा. दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, गुडगुड ऐकू आली पाहिजे. हा आवाज ओळखीचा करून घ्या. ज्यानं रोज ऐकलाय त्यालाच तो बंद झाल्याचं कळतं.

शिवाय हिरडीवर अंगठा दाबून सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच सपाट झाली पाहिजे. प्रत्येक घोड्याचं नेहमीचं माप थोडं वेगळं असतं, म्हणून तुमच्या घोड्याचं तुमच्या वहीत असायला हवं. पुस्तकातला आकडा ऐन वेळी कमी पडतो.

पाय आणि पाठ

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदमळणी करतो. जू घासून सुजलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळतो, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतो. घोड्याची पाठ ही रोजची खांदमळणी मागते. स्वारी झाल्यावर खोगीर काढलं की लगेच पाठीकडं बघा. घाम सगळीकडं सारखा आला असेल तर ठीक. ओल्या पाठीवर मधेच कोरडा ठिपका दिसला तर तिथं खोगीर दाबतंय. दाब इतका आहे की घाम सुटलेलाच नाही, आणि पुढच्या दहा किलोमीटरांत तिथं जखम होणार. जाड घोंगडी घालून हे सुटत नाही, खोगीर बदलावं लागतं. तंगाखाली (खोगीर बांधायच्या पट्ट्याखाली), कोपरामागं, कातडी रोज हातानं चाचपा.

नालबंद आपल्या भागात कमी उरलेत. सहा आठवड्यांनी त्याची फेरी ठरवून टाका. नवा नाल ठोकल्यावर आठवडाभर गेल्याशिवाय लांब स्वारी नको, आणि नाल झिजून पातळ झाल्यावरही नको.

रस्त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बाहेरच्या पुस्तकांत आपली जमीन नसते. ओली काळी माती खुरात गच्च बसते आणि नाल उपटते. तीच माती वाळली की तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. तूर किंवा पऱ्हाटी काढलेल्या वावरातली धसकटं तर सुऱ्याच. खुराच्या तळव्यातल्या मऊ भागात धसकट घुसलं की पू होतो, आणि लस नसेल तर धनुर्वात. म्हणून पांदण आणि मुरमाचे रस्ते धरा, वावरातून जवळचा रस्ता काढू नका. रानडुकरांसाठी काही जण कुंपणाच्या तारेत थेट करंट सोडतात, तेव्हा अनोळखी शिवारात अंधारात जाऊ नका. बोर, टिपेश्वर, ताडोबा या वाघांच्या जंगलांच्या बाजूच्या गावांत पहाटे जंगलाच्या कडेनं स्वारी नकोच. आणि रोही (नीलगाय) धुऱ्याआडून, म्हणजे बांधाआडून, उडी मारून समोर येते, हे दुडकीत असताना ध्यानात ठेवा.

अंतर कसं वाढवायचं

घोड्याचा दम तीन-चार महिन्यांत तयार होतो. स्नायूही तयार होतात. पण पायाच्या शिरा (रक्ताच्या नव्हे, स्नायू हाडाला जोडणाऱ्या), सांधे आणि हाडं कणखर व्हायला वर्ष आणि त्याहून जास्त लागतं. नवखे स्वार फसतात ते इथंच. घोडा धापत नाही, खेळतोय, म्हणून अंतर वाढवलं जातं आणि दोन महिन्यांनी पुढच्या पायाची मागची शीर सुजते. एकदा दुखावलेली ती शीर पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

पहिले दोन महिने फक्त चाल. आठवड्यातून चार दिवस, पाच किलोमीटरपासून सुरू करून दहापर्यंत. तिसऱ्या महिन्यात मधे मधे दुडकी: पाच मिनिटं दुडकी, दहा मिनिटं चाल. चौथ्या-पाचव्या महिन्यात आठवड्याला एकच लांब फेरी, १५ ते २० किलोमीटर, बाकी दोन हलक्या आणि उरलेले दिवस मोकळे. अंतर, वेग आणि चढ यांतलं एका वेळी एकच वाढवा. चिखलदऱ्याच्या घाटात नेत असाल तर त्या आठवड्यात अंतर कमी करा. वीस किलोमीटर दोन तासांत आरामात होऊन, पंधरा मिनिटांत नाडी ६० च्या खाली येत असेल, असं चार-पाच वेळा घडलं, तर पुढच्या मोसमात ४० चा विचार करा. त्याच मोसमात नको.

चंदी, वैरण आणि आपल्या वावरातले धोके

घोड्याचं पोट गवतावर चालतं. चांगलं वाळलेलं गवत किंवा स्वच्छ कडबा हाच त्याच्या दिवसाचा मोठा हिस्सा हवा. चणा, जव यांची चंदी त्यावरची जोड आहे, तीही दिवसात दोन-तीन वेळा वाटून. स्वारीच्या सकाळी भरपेट चंदी देऊन "ताकद" येत नाही. चंदी चार तास आधी संपवा, गवत मात्र निघेपर्यंत तोंडाशी ठेवा. मोठ्या आतड्यातलं गवत पाणी आणि मीठ धरून ठेवतं आणि वाटेत घोडा तिथूनच उचलतो. म्हणजे भरलेलं पोट ही त्याची पाण्याची टाकी आहे.

बैलांना चालतं ते घोड्याला चालेलच असं नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कोवळ्या ज्वारीनं गुरांना किराळ (विषबाधा) लागते हे आपल्याला माहीत आहे. घोड्यालाही हिरव्या ज्वारीवर सोडू नका, त्यातून त्याच्या मूत्राशयाला आणि मागच्या पायांना इजा होते. बुरशी आलेला मका किंवा कडबा घोड्याच्या मेंदूवर जातो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडं लाखोळीचं (लाखेच्या डाळीचं) कुटार आणि चुणी जनावरांना घालतात. घोड्याला ती सतत घातली तर घशातल्या श्वासाच्या झडपेचे स्नायू लुळे पडतात, आणि पळताना घोडा घोरल्यासारखा आवाज करतो. असा घोडा लांब पल्ल्याला संपला. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यात मोनेन्सिन असतं. गाईला ते सोसतं, घोड्याचं हृदय त्यानं बंद पडतं. म्हणून गुरांचं तयार खाद्य घोड्यापुढं कधीच ठेवू नका. कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत धुऱ्यावरचं गवत आणि वावरातल्या डबक्यातलं पाणी, दोन्ही बंद.

पाणी आणि मीठ

गावात म्हातारी माणसं सांगतात, "तापलेल्या घोड्याले पानी नोको पाजू, पोट धरते." त्यांचा अनुभव मी नाकारत नाही, पण ही गोष्ट आता तपासली गेली आहे. वाटेत तापलेल्या घोड्याला पाणी पाजणं सुरक्षित आहे, न पाजणं धोक्याचं. उन्हात कष्ट करणारा घोडा तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळू शकतो. त्याचा घाम आपल्यापेक्षा खारट असतो, त्यामुळे पाण्याबरोबर मीठही भरपूर जातं. आणि मीठ गेल्यावर रक्ताचा खारेपणा वाढलेला नसतो, म्हणून घोड्याला तहान लागत नाही.

हे वाक्य मी फार उशिरा शिकलो. ऑक्टोबरच्या अखेरीस माझी घोडी चांदणी हिला आम्ही तिघं तीस किलोमीटरच्या सरावाला घेऊन गेलो. दोन नाले लागले. दोन्हीकडं तिनं पाण्याला नाक लावलं आणि मान वळवली. मला वाटलं, हिला तहानच नाही, किती ताजी आहे. परत येताना ती तिघांत पुढं होती. घरी आल्यावर अर्ध्या तासानं तिची नाडी ७२ होती. पोटाला कान लावला, तर आत शांत. गवताकडं तिनं पाहिलंही नाही. पशुवैद्य तालुक्याहून येईस्तोवर अंधार पडला, आणि रात्रभर तिला शिरेतून सलाईन द्यावं लागलं. ती वाचली. दोन महिने मी तिच्यावर बसलो नाही. तिनं पहिल्या नाल्यावर मान वळवली तेव्हाच मी खाली उतरायला हवं होतं.

आता मी असं करतो. रोजच्या चंदीत साधारण ३० ग्रॅम साधं मीठ, बारा महिने. घरी सरावासाठी पाण्यात थोडा गूळ विरघळवायचा. ती चव ओळखीची झाली की परक्या गावच्या हापशीचं पाणीही घोडा पितो, त्यात तोच गूळ टाकायचा. प्रत्येक नाल्यावर दोन मिनिटं थांबायचं, लगाम सैल सोडायचा, घाई करायची नाही. लांब स्वारीच्या दिवशी दोन भाग साधं मीठ आणि एक भाग खाण्याच्या दर्जाचं पोटॅशियम क्लोराइड यांचं मिश्रण थोड्या थोड्या मात्रेत द्यायचं. तुमच्या घोड्याची मात्रा पशुवैद्याकडून ठरवून घ्या. घोडा पाणी पीत असेल तरच मीठ द्या. न पिणाऱ्या घोड्याला दिलेलं मीठ अंगातलं उरलेलं पाणी आतड्यात ओढून घेतं. खताच्या पोत्यातलं पोटॅश यासाठी कधीही वापरू नका. खायचा सोडाही नको: लांब स्वारीत घोड्याचं रक्त आधीच अल्कलीकडं झुकलेलं असतं, सोड्यानं ते आणखी बिघडतं.

दिवस कोणता

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ आपला. एक जुना आडाखा आहे: फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या दमटपणाची टक्केवारी यांची बेरीज करा. १३० च्या आत असेल तर घोडा स्वतःला थंड ठेवतो, १५० च्या पुढं सावध राहा, १८० च्या पुढं बाहेर काढू नका. सप्टेंबरात ९१ अंश आणि ७५ टक्के दमटपणा, म्हणजे १६६. हा धोका या बेरजेत दिसतो. पण मे महिन्यात ही बेरीज आपल्याला फसवते. ४५ अंश सेल्सियस म्हणजे ११३, दमटपणा १५ टक्के, बेरीज १२८. कागदावर सुरक्षित! प्रत्यक्षात हवा घोड्याच्या अंगापेक्षा गरम असते. ती उष्णता काढून घेत नाही, वर देते, आणि सगळा भार घामावर येतो. म्हणून मार्चनंतर सराव सूर्योदयाला सुरू करून आठच्या आत संपवा, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत, घोड्याला सावलीत राहू द्या.

स्वारीच्या दिवशी

पिकअपमधून नेणार असाल तर आदल्या दिवशीच पोचा. प्रवासातही घोडा घाम गाळतो. नवी चंदी, नवं खोगीर, नवा नाल, यातलं काहीही त्या दिवशी पहिल्यांदा नको.

सुरुवातीला सगळे घोडे उधळतात, तेव्हा मागं राहा. पहिले पाच किलोमीटर चाल आणि मंद दुडकी. उतारावर खाली उतरून शेजारून चाला, त्यानं त्याच्या पुढच्या पायांचं आयुष्य वाढतं. दर अर्ध्या तासानं हिरडी, कातडी आणि लीद यांकडं नजर टाका. लीद कोरडी, बारीक, आवभरली झाली की पाणी कमी पडतंय.

थांब्यावर पोचल्यावर पहिलं काम तंग सैल करणं, दुसरं पाणी पाजणं, तिसरं थंड करणं. तापलेल्या पुठ्ठ्यावर गार पाणी टाकलं तर घोडा आखडतो, ही समजूत सोडून द्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी उन्हात यावर अभ्यास झाला आणि गार पाण्यानं इजा होत नाही हे दिसलं. मान, छाती, पोट, पायांची आतली बाजू, सगळं अंग बादल्या रिकाम्या होईस्तोवर भिजवत राहा. सावलीत, वाऱ्याला उभं करा. ओलं फडकं अंगावर टाकून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते.

मग घड्याळ लावा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत थांब्यावर पोचल्यापासून १५ मिनिटांत नाडी ६४ किंवा खाली यावी लागते. घरच्या सरावाला तुम्ही ६० धरा. ती उतरल्यावर आणखी एक परीक्षा घ्या: नाडी मोजा, घड्याळ सुरू करा, घोड्याला हातात धरून चाळीसेक मीटर दुडकीनं नेऊन परत आणा, आणि मिनिट पुरं झाल्यावर पुन्हा मोजा. आकडा तितकाच किंवा कमी आला तर चांगलं. चारनं वाढला तर आजचा दिवस इथंच संपवायचा विचार करा, आठनं वाढला तर विचार करायचं काही उरलं नाही. हीच दुडकी पाहताना मान खाली-वर होते का, हेही दुसऱ्या माणसाला बघायला सांगा. दुखऱ्या पुढच्या पायावर वजन पडताना घोडा मान वर उचलतो.

लगेच थांबायची लक्षणं

अर्ध्या तासानंतरही नाडी ६४ च्या वर. थंड करूनही ताप ४० च्या खाली न येणं. पोट शांत. गवत नको, पाणी नको. हिरडी विटकरी किंवा जांभळट. यातलं एक जरी दिसलं तरी खोगीर उतरवा आणि डॉक्टरला फोन लावा. गावात कुणीच नसेल तर १९६२ वर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला.

कुशीला हृदयाच्या ठोक्याबरोबर उचकीसारखा झटका बसत असेल, तर रक्तातलं कॅल्शियम आणि क्षार बिघडलेत. ते दिसायला किरकोळ वाटतं, पण किरकोळ नसतं.

मागचे पुठ्ठे दगडासारखे कडक, पाऊल उचलत नाही, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची, असं झालं तर त्याला एक पाऊलही चालवू नका. गाडी तिथंच आणा. "चालवलं की मोकळा होईल" म्हणत फिरवलं तर स्नायू आणखी फाटतात आणि त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात जाऊन बसतं.

पाय आपटणं, कुशीकडं वळून बघणं, लोळणं म्हणजे पोटशूळ. बैलाला बांबूच्या नळकांड्यातून औषध पाजतो तसं घोड्याला तेल, सोडा, काढा काही पाजू नका, ते फुप्फुसात जातं, आणि घोड्याला उलटीही करता येत नाही. डॉक्टरनं तपासल्याशिवाय दुखण्याचं इंजेक्शन कुणाला मारू देऊ नका. अंगातलं पाणी कमी असताना ते मूत्रपिंडावर जातं, शिवाय दुखणं झाकलं गेल्यानं खरं काय झालंय ते कळत नाही.

परतल्यावर

त्याच संध्याकाळी गाडीत घालून घरी पळवू नका. रात्र तिथंच काढा. पाणी आणि गवत तोंडाशी, चंदी दोन तासांनी आणि अर्धी. पायांना गार पाण्याची धार, मग हलक्या हातानं चारही पाय वरून खाली चाचपणं. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर तो वहीत लिहा. रात्री एकदा आणि पहाटे एकदा उठून पोटाचा आवाज ऐका, बरेच पोटशूळ स्वारीनंतर रात्रीच उठतात.

सकाळी चाळीस मीटर दुडकी करून बघा, नाडी घ्या, आकडा वहीतल्या पहिल्या दहा दिवसांच्या आकड्यांशी ताडा. वीस किलोमीटरनंतर तीन-चार दिवस आणि चाळीसनंतर निदान आठवडाभर खोगीर खुंटीवरच राहू द्या. घोड्याला मात्र दोरीला बांधून ठेवू नका, कुरणात मोकळा सोडा.